हेस्डीचा त्वात्वा, वागिनोचा पिकोलेट

वागिनो पिंजरा घेऊन आला तेव्हा हेस्डी खांबांवरच्या आपल्या घराखालच्या सावलीत बसून कप्तानच्या पिंजऱ्याच्या तारा पुसत होता. कप्तान म्हणजे त्याचा त्वात्वा, गाणारा पक्षी. अंगाने काळाभोर, पंखात पांढरा ठिपका, आणि चेहऱ्याच्या मानाने जरा जास्तच मोठी वाटणारी जाडजूड पांढरट चोच. वागिनोच्या हातातला पक्षी त्याचाच चुलतभाऊ म्हणावा असा, पण अंगाने लहान. पाठ काळी, पोट भाजलेल्या विटेच्या रंगाचं, चोच काळी आणि नेटकी. हा पिकोलेट. त्याचं नाव बागुस. वागिनोच्या जावानीज बोलीत बागुस म्हणजे देखणा, छान.

"जातोय रे," वागिनो पायरीवर टेकत म्हणाला. "रॉटरडॅमला. सुलास्त्रीने तिकीट पाठवलंय. म्हणते, बापू, तुझ्या छातीचं ऑपरेशन इथेच करायचं, नाहीतर मी तुझ्याशी बोलणार नाही."

"मग करून घे. तुझी पोरगी शहाणी आहे. तुझ्यावर गेली नाही."

"तिच्या आईवर गेलीये." वागिनो हसला, आणि हसता हसता त्याला धाप लागली. थोडं थांबून त्याने पिंजरा हेस्डीच्या मांडीवर ठेवला. "हा तुझ्याकडे ठेवतो."

हेस्डीने पिंजऱ्याकडे पाहिलं, मग मित्राकडे. "माझ्याकडे? त्वात्वावाल्याच्या घरात पिकोलेट? चौकातले लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, हेस्डीला शेवटी अक्कल आली."

त्यांचा हा वाद जुना होता. दर रविवारी सकाळी पारामारिबो शहराच्या मोठ्या चौकात, हिरवळीवर, खांबाखांबांवर पिंजरे टांगले जात. समोरासमोर दोन पक्षी, मध्ये फळ्यावर खडूने रेघा मारणारा पंच. ज्याच्या ताना जास्त तो जिंकला. त्वात्वांच्या रांगा एका अंगाला आणि पिकोलेटांच्या दुसऱ्या. हेस्डी आणि वागिनो एकाच बसने यायचे, एकाच गाडीवरून केळ्याची भजी शेंगदाण्याच्या चटणीत बुडवून खायचे आणि मग आपापल्या अंगाला जायचे. परतीच्या बसमध्ये भांडण सुरू. हेस्डी म्हणायचा, त्वात्वा हा विचार करून बोलणारा गडी आहे. सावकाश, भरदार, एकेक सूर तोलून टाकतो. तुझा पिकोलेट म्हणजे बाजारातली भाजीवाली, तोंड उघडलं की थांबायचं नाव नाही. वागिनो म्हणायचा, तुझ्या जाड्याला चोच सांभाळता सांभाळता दम लागतो, म्हणून सावकाश. बी फोडायला ती चोच ठीक आहे, गायला नको. आमचा बघ, एका श्वासात जिना उतरतो, वळतो, परत चढतो.

दोघांनाही दुसऱ्याचा पक्षी मनातून आवडायचा. ते कोणी बोलून दाखवत नसे.

"ऐक," वागिनो म्हणाला, "कप्तानपासून लांब टांग याला. त्याला त्या जाड्याची बोली लागली तर मी मेलेलाच बरा. मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या खिडकीशी टांग. रोज ओलं गवताचं बी दे, दव असताना तोडलेलं. आणि अंगावर ओरडू नकोस, तो हळवा आहे."

वॉनी वरून जिन्याच्या कठड्यावर वाकून ऐकत होती. हेस्डीची बायको. गळ्यात चर्चच्या गायकांचा खालचा, जाड आवाज. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी या पिंजऱ्यांशी तिने कधी समेट केला नव्हता.

"माझ्या खिडकीशी?" ती म्हणाली. "माझ्या भातात पिसं पडणार म्हणजे!"

"सिसा," वागिनो म्हणाला. थोरल्या बहिणीला म्हणावं तसं तो तिला सिसा म्हणायचा, वयाने ती लहान असूनही. "थोडे दिवस. तुझ्या हातचं खाऊन तोही माझ्यासारखा मिंधा होईल."

"तुझं आधी नीट होऊ दे," वॉनी म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. "पक्ष्याचं बघू आम्ही."

वागिनो गेला. बागुस खिडकीशी टांगला गेला, आणि हेस्डीची चिंता सुरू झाली.

तो पहाटे उठून नाल्याकाठचं ओलं गवत आणायचा, बी झाडून वाटीत ठेवायचा आणि गाण्याची वाट बघत उभा राहायचा. बागुस दांडीवर सरळ व्हायचा, मान वर करायचा, गळा फुगवायचा, चोच उघडायचा. आणि काही नाही. आवाजच नाही. पहिल्यांदा हेस्डीला वाटलं, नवी जागा आहे, बुजलाय. मग वाटलं, थंडी लागली. त्याने पिंजऱ्याला रात्रीचं कापड दुहेरी केलं, पाण्यात लिंबाचा थेंब टाकला, पिंजरा खिडकीच्या डाव्या बाजूने उजव्या बाजूला नेला. पक्षी नीट खात होता, डोळा चकचकीत होता, पिसं अंगाला चोपून बसलेली होती. फक्त आवाज गेला होता. चोच उघडझाप करणारा मुका पक्षी. मित्राने जीव लावून वाढवलेला, विश्वासाने दिलेला, आणि आपल्या हातात येऊन मुका झाला.

हे तो कोणाला सांगणार? वॉनीला एकदा त्याने आडून विचारलं, "बागुस कसा वाटतो तुला?"

"कसा म्हणजे? कटकट आहे नुसती," ती कांदा चिरत म्हणाली.

त्याला वाटलं, ती सांडलेल्या बियांबद्दल बोलतेय. त्याने त्या झाडून काढल्या.

घराच्या पुढच्या अंगाला कप्तान होताच. कप्तानचं गाणं हेस्डीला ऐकू यायचं, भरदार, जुनं. खरं तर त्या गाण्याचाही शेंडा गेल्या काही वर्षांत झिजला होता, शेवटचे बारीक सूर गळून गेल्यासारखे झाले होते. हेस्डीला वाटायचं, कप्तान म्हातारा झाला. चौकातही पिकोलेटांच्या बाजूला आताशा कसं शांत शांत असायचं. परतीच्या बसमध्ये तो वागिनोला चिडवायचा, "तुमच्या पिकोलेटांत आता राम राहिला नाही." वागिनो आधी तावातावाने भांडायचा. अलीकडे तो नुसता खिडकीबाहेर बघायचा आणि म्हणायचा, "असेल बाबा."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी फोन आला. इथे सकाळ होती, तिकडे दुपार झाली होती. फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवरच होता.

"उद्या मला फाडणार आहेत," वागिनो म्हणाला. आवाज दूरचा, पण हसरा. "आज मागेन ते मिळायला हवं मला. इथलं जेवण म्हणजे उकडलेला कागद. निदान माझ्या पक्ष्याचं गाणं ऐकव."

हेस्डीने वाटीतल्या बियांकडे पाहिलं. "आत्ता? आत्ता तो खातोय."

"असू दे. खाऊन गाईल. धर फोन जवळ."

हेस्डीने रिसीव्हर वायर ताणून खिडकीशी नेला. बागुस दांडीवर होता. मान वर, गळा फुगलेला, चोच उघडी. हेस्डीच्या कानाला नुसती बाहेरच्या रस्त्यावरची बस ऐकू येत होती. उद्या ज्याची छाती उघडणार आहेत त्याला सांगायचं, की तुझा पक्षी मुका झाला? हेस्डीने इकडे तिकडे पाहिलं. वॉनी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. त्याने ओठांचा चंबू केला आणि रिसीव्हरमध्ये शीळ घालायला सुरुवात केली. इतक्या वर्षांच्या रविवारांतून लक्षात राहिलेलं पिकोलेटचं गाणं. खाली उतरणारा जिना, मग वळण, मग वर. म्हातारे ओठ, दोन दात पडलेले, शीळ अर्धी वारा अर्धी आवाज. तरी त्याने जीव ओतला. घाम फुटला त्याला.

 तिकडे वागिनो हसायला लागला. असा हसला, की मागून कुणीतरी त्याला दटावलेलं ऐकू आलं.

"अरे, कोण तो?" वागिनोला हसू आवरेना. "माझा पक्षी एवढा सुंदर गातोय आणि त्याच्यावर हा कोण गाढव फुंकतोय?"

हेस्डीची शीळ ओठांतच राहिली.

त्याच वेळी वॉनी बादली घेऊन दारात आली. "हेस्डी, काय चाललंय? तो बिचारा इतका छान गातोय, मध्ये तू कशाला तोंड घालतोस?"

हेस्डीने पक्ष्याकडे पाहिलं. चोच उघडी होती. गळा लवलव हलत होता. पिसं थरथरत होती. त्याने कान पिंजऱ्याच्या तारांना लावला.

"गातोय?" त्याने विचारलं.

"म्हणजे काय? अख्ख्या गल्लीला ऐकू जातंय. रोज सकाळपासून हेच तर..." आणि वॉनी थांबली. नवऱ्याचा तारांना चिकटलेला कान तिने पाहिला, त्याचा चेहरा पाहिला. बादली हळूच खाली ठेवली.

रिसीव्हर अजून त्याच्या हातात होता. त्यातून बारीक आवाज येत होता. वॉनीने तो काढून घेतला, थोडं ऐकलं आणि परत हेस्डीच्या कानाला लावला.

"हेस्डी," वागिनो म्हणत होता, "मला माहीत होतं रे. दोन वर्षं झाली. चौकात बागुस गात असायचा आणि तू मला विचारायचास, आज गात का नाही म्हणून. मला सांगवेना. तुला सांगायचं म्हणजे कसं सांगायचं? वाटलं, पक्षीच सांगेल."

हेस्डीने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"ती नदीवरच्या होडीची इंजिनं," वागिनो म्हणाला. "तीस वर्षं त्या धडधडीशेजारी उभा राहिलास. कान लोखंडाचे थोडेच असतात? बारीक सूर आधी जातात. चिडलास का?"

"नाही," हेस्डी म्हणाला. "तू उद्या मरू नकोस म्हणजे झालं. तुला शिव्या द्यायच्या आहेत, समोर बसवून."

"येतो तर. शिव्या खायला तरी येतोच."

फोन ठेवल्यावर हेस्डी मागच्या पायरीवर जाऊन बसला. नदीवर पूल झाला, लोक होडीने यायचे बंद झाले आणि त्याची नोकरी गेली, तेव्हाही तो असाच बसला होता. पण तेव्हा निदान पूल दिसत होता. हे असं, न सांगता, न विचारता, कुणीतरी एकेक सूर उचलून नेला होता. किती सकाळी त्याने त्या मुक्या चोचीसमोर उभं राहून स्वतःला दोष दिला होता! आणि पक्षी रोज गात होता, त्याच्या तोंडावर, जीव तोडून.

वॉनी येऊन शेजारी बसली. दोघांच्या मध्ये तिने उकडलेल्या शेंगांची वाटी ठेवली. 

"रेडिओ मोठा लावायचास," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझ्याशी बोलायचा कंटाळा आला म्हणून लावतोस."

"वेडी आहेस का?"

"नाही तर काय! मी हाक मारली की दुसऱ्यांदा ओरडल्यावर ओ द्यायचास. मी म्हटलं, झालं आता, म्हातारा झाला, बायको नकोशी झाली." ती हसली, पण डोळे पुसले. "वर्षभर मनातल्या मनात भांडतेय तुझ्याशी."

हेस्डीने तिचा हात हातात घेतला. तिच्या बोटांना साबणाचा वास होता.

"कसं गातो तो?" त्याने विचारलं. "सांग ना. कसा गातो?"

"मला काय कळतं त्यातलं?"

"जसं ऐकू येतं तसं सांग."

वॉनीने डोळे मिटले. खिडकीतून बागुस पुन्हा सुरू झाला होता. "आधी... आधी केटल उकळायला लागते ना, तसं. बारीक. मग एखादी पोरगी पायऱ्या उतरतेय, चपला वाजवत. मग खाली पोचल्यावर थांबते. इकडे तिकडे बघते. आणि मग पळत परत वर."

"परत वर?" हेस्डी सावरून बसला. "वर जाताना किती पायऱ्या? सगळ्या?"

"थांब, ऐकू दे. नाही... सगळ्या नाही. दोन गाळते."

"गाळतो!" हेस्डीने मांडीवर थाप मारली. "वागिनो सांगायचा मला, बागुस वर जाताना दोन गाळतो आणि शेवटी एक जास्तीची टाकतो. मी म्हणायचो, थापा मारू नकोस. टाकतो का शेवटी?"

वॉनीने ऐकलं. आणि मग, सांगायला शब्द सापडेनात म्हणून, तिने ते गाऊन दाखवलं. आपल्या चर्चमधल्या जाड, खालच्या आवाजात, अगदी खाली आणून. पक्ष्याचा जिना, वळण, गाळलेल्या पायऱ्या आणि शेवटचा तो जास्तीचा सूर. ती संपूर्ण तान हेस्डीला ऐकू आली. एकही सूर सुटला नाही.

तो तिच्याकडे नुसता बघत राहिला.

"काय?" ती लाजून म्हणाली. "चुकलं का?"

"परत," तो म्हणाला.

त्या दिवसापासून सकाळच्या कॉफीनंतर दोघं खिडकीशी बसू लागली. बागुस गायचा, वॉनी ऐकायची आणि हेस्डीसाठी ते खालच्या आवाजात उतरवायची. हेस्डी तिला नावं शिकवायचा: ही उचल, ही मोड, हा तुटका, हा भरलेला. ती शिकली, आणि मग स्वतःची नावं पाडू लागली. एका तानेला ती म्हणायची 'पाद्री शिंकला'. पुढच्या अंगणात जाऊन तिने कप्तानलाही नव्या कानाने ऐकलं.

"हा अगदी तुझ्यासारखा," परत येऊन तिने निकाल दिला. "एक वाक्य बोलतो आणि बघतो, कोणाला पटलं का. शेवटी मात्र बारीक आवाजात काहीतरी पुटपुटतो."

"पुटपुटतो? अजून?" हेस्डीने विचारलं. "शेंडा आहे त्याच्या गाण्याला?"

"आहे की. छान आहे."

म्हणजे कप्तान म्हातारा झाला नव्हता. हेस्डीने पुढे जाऊन त्याच्या पिंजऱ्याला हात लावला आणि मनातल्या मनात त्याची माफी मागितली.

ऑपरेशननंतर तिकडून काहीच कळेना. फोन वाजला की दोघं धावायची, तर तो चर्चचा असायचा, नाहीतर चुकून लागलेला. वॉनीने चर्चमध्ये वागिनोसाठी प्रार्थना केली. पाद्रीबाबांनी विचारलं, हा आपल्यातला का? ती म्हणाली, तो मशिदीतला आहे, पण माणूस आमच्या घरचाच. शेवटी सुलास्त्रीचा फोन आला. बापू वाचले, पण अशक्त आहेत, ताप उतरलाय, पक्ष्याबद्दल विचारत होते. वॉनीने रिसीव्हर खिडकीशी धरला. यावेळी कुणी शीळ घातली नाही.

पुढच्या रविवारी चौकात पिकोलेटांची मोठी स्पर्धा होती. वागिनोने बागुसचं नाव महिन्यापूर्वीच देऊन ठेवलं होतं. हेस्डी म्हणाला, "राहू दे. मी तिथे उभा राहून करू काय?"

"मी येते," वॉनी म्हणाली.

"तू? चौकात? तिथे सगळे पुरुष असतात."

"मग काय, चावतात?"

ती चर्चची निळी टोपी घालून आली. बसमध्ये पिंजरा मांडीवर, वर पांढरं कापड. चौकात हेस्डी सवयीने त्वात्वांच्या बाजूला वळला आणि तिने त्याची बाही ओढली. त्या रांगांमधल्या एकाने हाक मारली, "काय हेस्डी, वाट चुकलास का? तुझं लग्न पिकोलेटवालीशी झालं कधी?"

"झालंय आता," हेस्डी ओरडून म्हणाला. "तू आपला जाड्या सांभाळ!"

बागुस खांबावर चढला. समोर नवा, तरणा पिकोलेट. पंचाने खडू उचलला. हेस्डीला दोन उघड्या चोची दिसत होत्या आणि चौक त्याच्यापुरता शांत होता. तेवढ्यात वॉनीने त्याचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, आणि त्याच्या तळव्यावर बोटाने टकटक करू लागली. एक तान, एक टिचकी. लांब असली तर बोट ओढायची. बागुसने दोन पायऱ्या गाळल्या की दोन बोटं उचलायची. हेस्डीने डोळे मिटले. तळव्यावरून ते गाणं हाताने वर चढलं आणि जिथे जायचं तिथे पोचलं. मध्येच बोट थांबलं. बराच वेळ थांबून राहिलं.

"काय झालं?"

"गप्प बसलाय. गर्दीतल्या कुणा टोपीवाल्याकडे बघतोय."

"अरे देवा! गा ना रे बाबा!"

बागुस हरला. थोडक्यात, पण हरला. परतीच्या बसमध्ये मात्र कापडाखालून त्याने असा काही गळा मोकळा सोडला, की ड्रायव्हरने रेडिओवरचं गाणं बंद करून मागे वळून पाहिलं. वॉनीचं बोट हेस्डीच्या तळव्यावर घरापर्यंत चाललं होतं.

मग कानाच्या डॉक्टरकडे जाणं झालं. त्याने यंत्र दिलं. त्यातून वॉनी स्पष्ट ऐकू यायची, बसचा ब्रेकही, पण पिकोलेट म्हणजे पत्र्यावर ओढलेला खिळा. हेस्डी ते चर्चला आणि बाजारात घालायचा. सकाळी खिडकीशी बसताना काढून ठेवायचा.

वागिनो परतला तेव्हा पाऊस संपला होता. अर्धा झाला होता, शर्ट खुंटीवर अडकवल्यासारखा दिसत होता. वॉनीने त्याच्यासमोर कोंबडीचं गरम सूप ठेवलं, वर उकडलेलं अंडं. हेस्डीने ठरल्याप्रमाणे त्याला समोर बसवून शिव्या दिल्या. वागिनोने मान हलवत सगळ्या खाल्ल्या, सूप खाल्लं आणि मग पिंजऱ्याकडे गेला.

बागुसने त्याला पाहून पिसं फुलवली. वॉनी मागे उभी होती. तिने सवयीने पहिली तान गुणगुणली, आणि बागुसने लगेच वळून तिला उत्तर दिलं.

वागिनो दोघांकडे बघत राहिला. "सिसा," तो म्हणाला, "हे कधीपासून?"

"तू लोळत पडला होतास तेव्हापासून."

त्याने पक्षी नेला. न्यायलाच हवा होता. त्याच्या घरात दुसरं कोण होतं! दुसऱ्या दिवशी सकाळी वॉनी खिडकीशी बसली, आणि मग उठून उगीच भांडी घासत राहिली. 

काही महिन्यांनी वागिनो पुन्हा आला, एक छोटा पिंजरा घेऊन. आत मातकट तपकिरी रंगाचं पिल्लू. बागुसचं.

"नर का मादी?" हेस्डीने चष्मा लावून विचारलं. लहानपणी सगळेच असे तपकिरी असतात, नरमादी ओळखू येत नाही.

"अजून काही कळत नाही. वर्ष जाईल काळा व्हायला, झाला तर. सिसासाठी आणलंय."

वॉनीने पिंजरा हातात घेतला. पिल्लू दांडीच्या एका टोकाला सरकलं आणि तिच्याकडे एका डोळ्याने बघू लागलं.

"आणि मादी निघाली तर?" तिने विचारलं.

"मग गाणार नाही," वागिनो म्हणाला. "बदलून देईन."

"बदलून काय देतोस?" वॉनी म्हणाली. "भाजी आहे का ती?"

"अरे, गाणार नाही ती!"

"नाही तर नाही." तिने हेस्डीकडे पाहिलं. "मग आम्ही दोघं अगदी सारखंच ऐकू."

हेस्डी हसला. खिडकीशी खिळा होताच. वॉनीने पिंजरा अडकवला, गवताचं बी चिमटीत धरून तारांतून आत सरकवलं आणि पिल्लू जवळ यायची वाट बघत तशीच उभी राहिली.